घरची बाग : निळी विष्णुक्रांता

भाद्रपद जवळ आला की गावोगावच्या बाजारात पत्रीच्या जुड्या दिसू लागतात. गणेशपूजेत वाहावयाच्या एकवीस पत्री सर्वत्र एकसारख्याच असतात असे नाही. प्रांताप्रमाणे आणि पोथीप्रमाणे यादीत थोडाफार फरक आढळतो. परंतु आपल्याकडच्या प्रचलित यादीत तुळस, बेल, शमी, आघाडा, डोरली, माका यांच्या पंक्तीस विष्णुक्रांतेचे नाव हमखास असते. गुरुजी ते नाव उच्चारतात, यजमानाचा हात तबकाकडे जातो आणि जी पाने हाती लागतील ती देवाला वाहिली जातात. त्या पानांत विष्णुक्रांता खरोखर असते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बेल आणि तुळस लहान मूलही ओळखील. विष्णुक्रांता ओळखणारी माणसे मात्र आता प्रत्येक घरात उरलेली नाहीत, आणि शहरातील घरांत तर ती फारच थोडी.

या सदरातून आजवर आपण बहुधा विकत मिळणाऱ्या रोपांचा विचार केला. आज ज्या वनस्पतीची ओळख करून द्यावयाची आहे ती रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, आणि त्या नावाने जे मिळते ते बहुधा दुसरेच काही असते. ती आपल्या पायांखालची, माळावरची, वर्षानुवर्षे एकाच बुडख्यातून फुटणारी एक वीतभर औषधी आहे. ती एका उथळ कुंडीत सुखाने नांदते, आणि श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत रोज सकाळी निळी फुले देते. सदनिकेच्या गॅलरीत चार तास स्वच्छ ऊन येत असेल, तर ती आपल्याही घरी लावता येईल.

प्रथम तिची ओळख करून घेऊ. मुरमाड टेकडीवर, शेताच्या बांधावर, पायवाटेच्या कडेला, चरून आखूड झालेल्या गवतात ही पसरलेली दिसते. जमिनीतील कठीण, काष्ठमय बुडख्यातून सुतळीहूनही बारीक अशा अनेक फांद्या चहूकडे निघतात. काही जमिनीला टेकतात, काहींची टोके वर उचललेली असतात. फांद्यांवर आणि पानांवर रेशमी, रुपेरी लव असते. बोटांनी कुरवाळल्यास ती जाणवते. पाने लहान, लंबगोल, सुमारे एक ते अडीच सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. पानाच्या बगलेतून केसासारखा बारीक देठ निघतो आणि त्याच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढे निळे फूल येते. पाच पाकळ्या एकमेकींना जुळून जणू एक उघडी बशीच झालेली असते, आणि तिच्या मध्यभागी पांढरा ठिपका असतो. क्वचित एखाद्या झाडाला पांढरी फुलेही येतात. फूल सकाळी उमलते आणि उन्हे चढली की मिटते. दुपारी पाहावयास जाल तर तेथे विष्णुक्रांता होती याचा पत्ताही लागावयाचा नाही. हिच्या शोधास निघणाऱ्याने सकाळी आठ ते अकरा ही वेळ धरावी, हे यासाठीच.

‘विष्णुक्रांता’ या शब्दाचा अर्थ विष्णूने जिच्यावर पाऊल टाकले ती. वामनावतारातील तीन पावलांची कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रातःस्नानाच्या वेळी म्हणावयाच्या एका जुन्या मंत्रात हे विशेषण भूमीलाच लावलेले आहे. भूमीला अगदी अंग टेकून वाढणाऱ्या आणि पायदळी तुडविली गेली तरी पुन्हा फुटणाऱ्या या वनस्पतीला ते नाव शोभून दिसते, असे मला वाटते. नाव कोणी व केव्हा दिले हे अर्थात वेगळे. तेलुगूत तिला विष्णुक्रांतम् म्हणतात, कन्नडमध्ये विष्णुक्रांति, मल्याळममध्ये विष्णुक्रांती, आणि तमिळमध्येही ते नाव थोड्याशा उच्चारभेदाने चालते. गुजरातीत मात्र ती काळी शंखावली होते. आपल्या वाचकांपैकी जी कुटुंबे हैदराबाद, बंगळूर, तंजावूर वा बडोदे येथे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, त्यांना शेजारच्या घरी हे नाव उच्चारून पाहता येईल. आंध्र व तेलंगणातील विनायकचवितीच्या पत्रींतही विष्णुक्रांता असते. केरळात तर ‘दशपुष्पम्’ या नावाने ज्या दहा मंगल वनस्पती मानल्या जातात त्यांत हिचे स्थान आहे. दूर्वा, माका, काळी मुसळी, कपाळफोडी या आपल्या परिचयाच्या वनस्पती तेथे हिच्या सोबतिणी आहेत, आणि धनु महिन्यातील तिरुवातिरेच्या सणाला स्त्रिया ही दशपुष्पे केसांत माळतात. म्हणजे आपण जी पाने देवाला वाहतो तीच तेथे वेणीत जातात.

तिच्या शास्त्रीय नावाची हकीकतही सांगण्यासारखी आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे याने मलबारातील वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. तेथील वैद्यांनी सांगितलेली देशी नावे त्यात चित्रांसह नोंदलेली आहेत, आणि विष्णुक्रांताही थोड्या अपभ्रष्ट नावाने त्यात आढळते. पुढे लिनीअसने 1753 मध्ये तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस या वंशात घातले. त्या शब्दाचा अर्थ गुंडाळणारी, वेटोळे घालणारी. पण ही तर कशालाच वेटोळे घालीत नाही. म्हणून 1762 मध्ये त्यानेच तिला निराळ्या वंशात ठेवून ‘इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडीस’ असे नाव दिले, ज्याच्या पहिल्या शब्दाचा भाव ‘न गुंडाळणारी, उलगडलेली’ असा आहे. कुळ मात्र तेच राहिले, रताळ्याचे आणि गारवेलीचे. व्हान र्‍हेडेचा तो लॅटिन ग्रंथ सर्वसामान्य वाचकाला दुर्लभच होता. प्रा. के. एस. मणिलाल यांनी दीर्घ परिश्रमाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले व ते 2003 मध्ये निघाले. मल्याळम भाषांतर 2008 मध्ये आले. वनस्पतींची आवड असणाऱ्यांनी मोठ्या ग्रंथालयात तो एकदा अवश्य पाहावा, निदान चित्रांसाठी तरी.

आता खरी अडचण. विष्णुक्रांतेच्या नावाभोवती जो घोळ आहे तो नीट उकलल्याखेरीज ती घरी लावणे व्यर्थ आहे, कारण आपण लावाल भलतेच आणि वर्षभर तेच जपाल.

पहिला घोळ ‘शंखपुष्पी’ या नावाचा. निरनिराळ्या प्रांतांतील वैद्य शंखपुष्पी म्हणून निरनिराळ्या वनस्पती वापरीत आले आहेत. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशाने जी शंखपुष्पी मानली आहे ती हिची चुलत बहीण होय. ती राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश या बाजूला कोरड्या जमिनीत विपुल होते, आणि तिची फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी, नरसाळ्याच्या घाटाची असतात. केरळात शंखपुष्पी म्हणजे आपली गोकर्ण. बंगालमध्ये आणखी तिसरीच एक वनस्पती त्या नावाने औषधात येते. भरीस भर म्हणजे, जुन्या निघंटूंत गोकर्णीलाही ‘विष्णुक्रांता’ हा पर्याय दिलेला आढळतो. तेव्हा एखाद्या बंगाली स्नेह्याने अपराजितेचा, म्हणजे गोकर्णीचाच, वेल दाखवून ही विष्णुक्रांता असे सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या परंपरेत तेही बरोबरच आहे. आपण येथे बोलत आहो ती मराठी, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि मल्याळी घरांतील निळ्या बशीसारख्या फुलाची.

भिंग हाताशी असेल तर शंखपुष्पी आणि विष्णुक्रांता यांतील भेद फुलातच पाहता येतो. शंखपुष्पीच्या फुलात मध्यभागी एकच बारीक दांडी असते व टोकाला तिचे दोन फाटे होतात. विष्णुक्रांतेत मुळापासूनच दोन दांड्या निघतात आणि प्रत्येकीला पुन्हा दोन फाटे, असे चार धागे दिसतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे एकदा दाखवा. पुस्तकातील आकृतीपेक्षा ते अधिक काळ लक्षात राहील.

दुसरा घोळ रोपवाटिकांचा, आणि तो अलीकडचा आहे. तेथे ‘विष्णुक्रांती’ किंवा ‘शंखपुष्पी’ या चिठ्ठीखाली जे गडद निळ्या, मोठ्या फुलांचे भरगच्च झुडूप विकले जाते, ते ब्राझीलकडून आलेले ‘इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस’ होय. ‘ब्लू डेझ’ या व्यापारी नावाने ते जगभर लोकप्रिय आहे. ते सुंदर आहे, काटक आहे, कडेला लावण्यास उत्तम आहे; मी त्याची निंदा करणार नाही. पण ते माळावरचे नव्हे. ओळखावयाची खूण सोपी आहे. ब्राझीलच्या झाडाचे फूल जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढे असते आणि पानांत दडून, अगदी आखूड देठावर येते. आपल्या विष्णुक्रांतेचे फूल त्याच्या निम्म्याहूनही लहान असते व लांब, केसासारख्या देठावर वाऱ्याने डुलते. ज्यांना केवळ निळा रंग हवा आहे त्यांनी खुशाल ब्राझीलचे आणावे. ज्यांना पत्री हवी आहे, त्यांनी चिठ्ठीवर विश्वास न ठेवता देठ पाहावा.

पत्रीच्या जुडीतील फसगत याहून साधी असते. निळे फूल दिसले म्हणून केन्याची डहाळी जुडीत येते. केन्याच्या फुलात दोनच पाकळ्या ठळक दिसतात, आणि त्याचे रसाळ खोड पानाच्या आवरणाने वेढलेले असते. विष्णुक्रांतेचे खोड तारेसारखे कोरडे व लवदार असते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

खरी विष्णुक्रांता ओळखली की रोप मिळवावयाचे कसे? येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. माळावर दिसलेले झाड उपटून आणू नका. त्याचे मूळ खोल व काष्ठमय असते, खुरप्याने काढताना ते हमखास तुटते, आणि कुंडीत आणलेले झाड आठ दिवसांत वाळते. एक झाड माळावरून गेले आणि घरीही आले नाही, असा हा व्यवहार. शिवाय अभयारण्यातून वा राखीव वनातून काहीही आणणे गुन्हा आहे हेही लक्षात असू द्यावे. बियाणे आणावे, किंवा शेंड्याच्या चार काड्या आणाव्यात. त्याने मूळ झाडाचे काहीच बिघडत नाही.

बी आश्विन-कार्तिकात धरते. फुलाच्या जागी मिरीहून लहान असे गोल बोंड तयार होते आणि त्याचा देठ बहुधा खाली वळतो. बोंड हिरवे असताना तोडू नये. ते गवती रंगाचे व कागदासारखे कोरडे झाले की पिकले असे समजावे. पुढे ते आपोआप चार फाकांत उकलते आणि आतले बी मातीत पडते. एका बोंडात फार तर चार बिया असतात. म्हणून उकलण्याच्या आधीच, सकाळच्या वेळी, पंधरा-वीस बोंडे एका कागदी पाकिटात गोळा करावीत. एकाच झाडाची सारी बोंडे काढू नयेत. चार-सहा झाडांवरून थोडी थोडी घ्यावीत. पाकीट सावलीत आठवडाभर उघडे ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यास आतल्या दमटपणाने बुरशी येते.

या कुळातील बियांची साल कठीण असते. पाणी आत शिरल्याखेरीज बी जागे होत नाही, आणि निसर्गात हे काम ऊन, वाळू व काळ मिळून करतात. आपण थोडी घाई करू शकतो. सुताराकडील बारीक पॉलिशपेपरचे दोन तुकडे घ्यावेत, बिया त्यांच्यामध्ये ठेवून बोटाने हलकेच चार-सहा वेळा फिरवाव्यात. काळी चकाकी जाऊन साल किंचित खरखरीत झाली की थांबावे. आतला गर दिसेपर्यंत घासू नये. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी ज्या फुगल्या असतील त्या पेराव्यात आणि ज्या तशाच राहिल्या असतील त्या पुन्हा एकदा घासून भिजवाव्यात. इतके करूनही सर्व बी एकदम रुजेल अशी अपेक्षा धरू नये. काही रोपे आठ-दहा दिवसांत वर येतात, काही महिन्यानेही येतात. रानटी झाडांचा हा शहाणपणा आहे. एकाच पावसावर सारा डाव लावावयाचा नाही. तेव्हा पहिली दोन रोपे दिसताच उरलेली माती उकरून फेकण्याची घाई करू नये.

माती कशी असावी याबद्दल आपल्या नेहमीच्या सवयीला मुरड घालावी लागेल. कुंडी म्हटली की आपला हात शेणखताकडे जातो. विष्णुक्रांतेला ते मानवत नाही. सकस, भुसभुशीत, नित्य ओलसर मातीत ती पानांनी फोफावते, फुले कमी देते आणि एके दिवशी बुडातून कुजते. एक भाग साधी बागेची माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा भरड वाळू, आणि त्यात दोन मुठी पालापाचोळ्याचे जुने खत, एवढेच मिश्रण पुरते. कुंडी मातीची, सुमारे पंचवीस ते तीस सेंटीमीटर रुंद व वीसेक सेंटीमीटर खोल असावी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवून त्यावर बोटभर विटांचे तुकडे पसरावेत. बी वरवरच, धान्याच्या दाण्याच्या जाडीइतके मातीखाली जाईल असे पेरावे आणि बारीक झारीने शिंपण करावे. रोपाला चार-सहा खरी पाने आली म्हणजे एका कुंडीत तीन रोपे ठेवून बाकीची दुसरीकडे हलवावीत. हलवावयाची ती याच लहान वयात. मूळ एकदा खोल गेले की मग त्याला हात लावू नये.

शेंड्याच्या काड्यांपासून रोप करावयाचे असेल तर पावसाळ्यातील ढगाळ दिवस निवडावा. सहा-सात सेंटीमीटर लांबीच्या, कोवळ्या पण लुसलुशीत नसलेल्या काड्या पेराखाली तिरप्या कापाव्यात, खालची पाने काढून टाकावीत आणि ओल्या भरड वाळूत निम्म्यापर्यंत खोचाव्यात. ऊन लागू देऊ नये, वाळू सुकू देऊ नये. वर काचेचा पेला पालथा घालण्याची पद्धत आहे, पण पानांवर लव असल्यामुळे आत दमट झाले की ती काळी पडतात. म्हणून दिवसातून दोनदा पेला उचलून वारा द्यावा. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावे. काडीने धरून ठेवले तर मूळ फुटले असे समजावे. सर्वच काड्या जगतील असे नाही, म्हणून गरजेच्या दुप्पट लावाव्यात.

पेरणीची वेळ प्रांताप्रमाणे बदलते, आणि अखिल भारतात विखुरलेल्या आपल्या वाचकांसाठी हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पुणे, औरंगाबादचे आजचे छत्रपती संभाजीनगर, नागपूर, इंदूर, हैदराबाद या पठारी भागांत मृगाच्या सरींबरोबर बी पेरावे. भाद्रपदापर्यंत झाड फुलावर येण्याची चांगली शक्यता असते. कोकण, गोवा आणि मलबार येथे आषाढातील धो-धो पाऊस रोपांना मारक ठरतो. तेथे कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराच्या कडेला अशा जागी ठेवावी की प्रकाश मिळेल पण धार पडणार नाही, किंवा पेरणीच श्रावणात पावसाचा जोर ओसरल्यावर करावी. चेन्नई, तंजावूरकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. तेथे ऑगस्टच्या अखेरीस पेरून, मोठा पाऊस येण्यापूर्वी रोपे धट्टीकट्टी करून घ्यावीत. दिल्ली, ग्वाल्हेर, झाशीकडच्या वाचकांना पावसाळ्यात काहीच अडचण नाही, पण पौषातील दहिवर हिचे शेंडे करपवील. त्या दिवसांत कुंडी रात्री व्हरांड्यात घ्यावी आणि पाणी अगदी कमी करावे. वरचा भाग वाळला तरी बुडखा जिवंत असल्यास फाल्गुनात पुन्हा फुटवे येतात.

पाण्याचा नियम एकच. मातीत बोट पेरभर खुपसून पाहावे. कोरडे लागले तर द्यावे, नाही तर दुसऱ्या दिवशी पाहावे. पावसाळा संपल्यावर सकाळी एकदा पुरते. वैशाखात झाड मलूल होते, पाने गळतात, काड्या उरतात. या वेळी पुष्कळ घरांत ती कुंडी मेली म्हणून रिकामी केली जाते. तसे करू नये. काड्या बुडापासून दोन बोटे ठेवून कापाव्यात, कुंडी जरा सावलीत सरकवावी आणि आठवड्यातून दोनदा चार घोट पाणी द्यावे. वळिवाच्या पहिल्या सरीबरोबर बुडख्यावर रुपेरी ठिपके दिसू लागतात. तेच नवे फुटवे. रोगराई हिला सहसा होत नाही. कधी पिठ्या ढेकूण बगलांत बसतो, तो ओल्या कापडाने पुसून काढावा. निंदणी मात्र वेळच्या वेळी हवी, कारण शेजारी वाढणारे उंच गवत हिचे ऊन अडविते आणि सावलीत ही फुलत नाही.

ज्यांना अंगण आहे त्यांनी कुंडीपेक्षा जमिनीतच लावावी. पायऱ्यांच्या सांध्यांत, तुळशीवृंदावनाच्या दक्षिणेकडील कडेला, दगडी बांधाच्या माथ्यावर, जेथे दुसरे काही नीट येत नाही तेथे ही शोभते. दूर्वांच्या जोडीने लावल्यास दोघी एकमेकींना संभाळून राहतात, पण दूर्वा फार माजल्या तर कापत राहावे लागते. सकाळच्या उन्हात बारीक मधमाश्या आणि चिमुकली फुलपाखरे या फुलांवर येतात. मोठ्या गुलाबाला जे पाहुणे येत नाहीत ते हिच्याकडे येतात, हे गॅलरीतसुद्धा पाहता येईल.

पूजेसाठी पत्री घ्यावयाची ती कात्रीने शेंड्याची तीन-चार पेरे घ्यावी. मुळासकट उपटण्याचे काहीच कारण नाही. अशा छाटणीने झाड उलट दाट होते. एका भरलेल्या कुंडीतून शेजारच्या दोन-तीन घरांनाही पत्री देता येईल.

औषधाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आयुर्वेदात विष्णुक्रांतेला स्मृती व बुद्धीस हितकर अशा वनस्पतींत गणले आहे, आणि प्रयोगशाळांतून तिच्यावर संशोधनही झालेले आहे. परंतु परीक्षेचे दिवस आले की मुलांना कुंडीतील पाला वाटून देणाऱ्या माता-पित्यांना माझी विनंती आहे की, तसे करू नका. मात्रा किती, कोणत्या वयाला, कोणत्या अनुपानाने, हे वैद्याने सांगावयाचे असते. शिवाय वर सांगितलेला नावांचा घोळ पाहता, आपल्या कुंडीत जे आहे तेच ग्रंथात सांगितले आहे याची खात्री प्रत्येक वेळी देता येत नाही. बाजारातील ‘शंखपुष्पी’ असे लिहिलेल्या बाटलीत आपली निळी विष्णुक्रांता असेलच असेही नाही.

ही वनस्पती दुर्मिळ आहे काय, असा प्रश्न येथे साहजिकच मनात येईल. नाही. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जेथे जेथे उष्ण प्रदेश आहे तेथे ती आढळते. तरीही आपल्या डोळ्यांसमोरून ती जात आहे, आणि ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. गावाच्या कडेचे मोकळे माळ प्रथम ‘पडीक’ ठरतात. पडीक म्हटले की दोन गोष्टी होतात: एक तर त्यांवर फरश्या आणि इमारती येतात, किंवा चांगल्या हेतूने झाडे लावली जातात. पुण्याच्या टेकड्यांवर अशाच हेतूने गिरिपुष्पाची, म्हणजे ज्याला कोणी उंदीरमारी म्हणतात त्या परदेशी झाडाची, लागवड झाली. जेथे त्याची सावली दाटली तेथे उन्हात जगणारी लहान लहान गवते व औषधी मागे हटल्या. झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण माळ म्हणजे झाडे नसलेले रिकामे वन नव्हे. तो स्वतःच एक नांदता संसार आहे, आणि पत्रीतील माका, दूर्वा, आघाडा, विष्णुक्रांता या साऱ्या अशाच उघड्या जागांच्या रहिवासी आहेत. बांधावर फवारले जाणारे तणनाशक हा तिसरा शत्रू. आपल्या वसाहतीच्या मागे अजून एखादा असा तुकडा उरला असेल, तर तेथे ‘सुशोभना’साठी फरशी घालण्याचा ठराव सभेत येण्यापूर्वी, एका श्रावणातल्या सकाळी नऊच्या सुमारास मुलांना घेऊन तेथे एकदा जाऊन यावे. खाली वाकून पाहिल्याशिवाय काहीच दिसणार नाही. निळे काही दिसले तर देठ लांब आहे का, पानावर लव आहे का, आत चार धागे आहेत का, हे त्यांनाच तपासू द्यावे.

झाड सापडले तर जागेची खूण करून ठेवा, आणि दिवाळीच्या सुमारास कागदी पाकीट घेऊन पुन्हा तेथे जा. पाकिटावर वनस्पतीचे नाव, जागा आणि तारीख पेन्सिलने लिहावी. शाई दमट हवेत पसरते. ते पाकीट पुढच्या मृगापर्यंत कोरड्या डब्यात ठेवावे, आणि एका डब्यात जागा असेल तर शेजारच्यांसाठीही दहा बिया बाजूला काढून ठेवाव्यात.